मोराचा पाय

पहाटे साडेपाचला निघालो अक्कलकोट रोडनं.
कुंभारीच्या पुढं डावीकडं वळलं की तो माळ.
पायाशी पिशवी, पिशवीत चाळीस चेंडू,
पाठीला सेव्हन आयर्न, टॉवेलात गुंडाळलेली.
कुणी विचारलं तर छत्री आहे म्हणायचं ठरलेलं.
मार्च संपत आलेला.
कुणी विचारलं नाही.

पहिला चेंडू उजवीकडं, बाभळीत.
दुसराही तिकडंच.
तिसऱ्याला काठी लागलीच नाही,
मुरूम उडाला, दाताखाली कचकचला.

मागच्या रविवारी हेच हात होते.
चेंडू असा सुटायचा,
जणू त्याला आधीच पत्ता सांगून ठेवलाय.

मग सुरू झालं.
कोपर वाकतंय.
नाही, गुडघा.
नाही, ग्रिप.
नाही, पन्नाशी.
पंधरावा चेंडू गेला तेव्हा आठवलं,
अठ्ठ्याण्णव साली दोन माग विकले ते चुकलंच.
विसाव्याला, पोरीला सायन्सला घातलं ते.
चेंडू एवढासा, आणि बघा कुठंकुठं जाऊन पडतो.

रेवणसिद्ध शेळ्या सोडून उभा होता, हातावर तंबाखू.
बराच वेळ बघून म्हणाला,
"काय केलंय हो त्यानं तुमचं?"

एकतीस सापडले.
नऊ बाभळीला दिले.

घरी सरोजानं काही विचारलं नाही.
कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीवर दही घातलं,
आणि माझ्या बुटांकडं बघून
झाडू आणायला आत गेली.

कारखान्यात बारा माग, आणि मी एकटा जॉबर.
चार नंबरवर नवा पोरगा, नरसय्या चिलवेरीचा धाकटा.
ताण्याचा दोरा तुटलेला, माग थांबलेला,
त्याची गाठ बसेना.
मारतोय, सुटतेय. मारतोय, सुटतेय.
कान लाल.
शेजारचा ओरडला, "काय बे, लगीन लावतोस का दोऱ्याचं?"
पोराची बोटं आणखीच थरथरली.

मी काही शिकवलं नाही.
म्हणालो, जा, पाणी पिऊन ये.
तो आला, तोंडाचं पाणी बाहीला पुसत,
खिडकीबाहेरच्या कावळ्याकडं बघत बघत
दोन बोटांत दोरा घेतला
आणि गाठ बसली.
त्याला कळलंही नाही. खटाक खटाक माग सुरू.

मी मात्र तिथंच उभा.
माझ्या बोटांनी अशा किती मारल्या असतील,
मोजल्या नाहीत कधी.
सुटलेल्याही मोजल्या नाहीत.

रात्री गच्चीवर दोरीला चादर टांगली.
बाद माल. मोरांची जोडी, त्यातल्या एकाला
विणताना पाय राहून गेलेला.
गिऱ्हाइकानं परत केली होती,
तेव्हापासून घरात आहे, उबेला काही कमी नाही.

पाण्याच्या टाकीजवळ पायपुसणं, त्यावर चेंडू.
समोर पाच पावलांवर चादर.
चेंडू पुढं कुठं गेला असता, ती सांगत नाही.
घेते, आणि पायाशी सोडते.

फट्.
फट्.
मग एक, धप्प.
तो हातातून खांद्यात गेला, खांद्यातून
कुठंतरी जुन्या जागी जाऊन बसला.
पुन्हा फट्.
असू दे.
कोपराला विचारलं नाही. मागांनाही नाही.
दगडी चाळीकडून कुठल्याशा वरातीचा बँड येत होता,
त्याच्या ठोक्यात मी नव्हतो, माझ्या होतो.

खालून सरोजा, "झालं का?"
"एक अजून."
असे अकरा एक-अजून.

सकाळी चादर काढायला गेलो.
चेंडू धुतले नव्हते,
माळाची तांबडी माती त्यांनी कापडावर सोडलेली.
दोन डाग भरकटलेले, एक पार किनारीला.
बाकीचे सगळे वीतभर जागेत,
जिथं मोराला पाय नाही, नेमके तिथं.

सरोजा म्हणाली, आता ही धुणार कोण.
मी म्हणालो, राहू दे रविवारपर्यंत.

नऊ चेंडू बाभळीत आहेत.
आणायला जायचंय.